मदत हवी आहे : पित्तनलिकेतला स्टेंट पुन्हा बंद, आरएफए करावं का?

नमस्कार मंडळी,

माझे काका ६८ वर्षांचे, राहणार देवगड. पित्तनलिकेचा कर्करोग आहे, ऑपरेशन होण्यासारखा नाही. गेल्या वर्षी मुंबईत ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जातात ती प्रक्रिया) धातूचा स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी घातली. कावीळ उतरली, जेवण सुधारलं, माणूस पुन्हा बागेत जायला लागला. आता परत डोळे पिवळे, लघवी गडद आणि रात्रभर अंगाला खाज. बिलिरुबिन (काविळीचं रक्तातलं माप) ११ आलंय.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सीटी बघून सांगितलं की स्टेंटच्या जाळीतून गाठ आत वाढलेली दिसते. दोन पर्याय दिले. पहिला, आतला मार्ग साफ करून जुन्याच्या आत दुसरा स्टेंट घालायचा. दुसरा, त्याआधी रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, म्हणजे आरएफए करायचं. तोंडातून दुर्बीण, मग तारेवरून बारीक नळी स्टेंटमध्ये न्यायची आणि उष्णतेने आत वाढलेली गाठ जाळायची. पोटावर चिरा नाही.

कुणाच्या घरी हे झालंय का? नुसत्या दुसऱ्या स्टेंटपेक्षा जास्त टिकतं का? काकांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. महात्मा फुले योजनेत हे बसतं का?

काकांचं म्हणणं "आंबो होवंदे, मगे बघू". त्यात शेजारचे कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायला सांगतायत. पित्तनलिकाच तुंबलेली असताना पाला देऊन काय होणार, हे समजावून मी थकलोय.

– कातळवाट

सुरंगी :
मी पुण्यात एंडोस्कोपी विभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तेवढं धरून वाचा.

सगळ्यात आधी, थंडी वाजून ताप आला तर आंबा तिथेच टाकून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात जायला वेळ लागत नाही.

आता आरएफए. स्टेंट कशाने बंद झालाय, यावर सगळं आहे. गाळ साचला असेल तर फुग्याने साफ करतात, तिथे जाळण्यासारखं काही नसतं. गाठ जाळीतून आत आली असेल तर आरएफएला अर्थ आहे. सीटीवर अंदाज येतो, खात्री बहुतेक वेळा ईआरसीपीच्या टेबलावरच होते. म्हणून "आत गाळ निघाला तर काय करणार?" हे आधीच विचारून ठेवा.

आरएफएची नेहमीची नळी ८ फ्रेंच, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाड. टोकाजवळ दोन धातूच्या कड्या, त्यांच्यामध्ये वीज खेळते. साधारण ७ ते १० वॅट, दीड-दोन मिनिटं. एका वेळी अडीच सेंटीमीटरच्या आसपास भाग भाजला जातो, अडथळा लांब असेल तर नळी सरकवून पुन्हा. मग मेलेला भाग फुग्याने ओढून काढतात आणि गरजेप्रमाणे आत नवा स्टेंट घालतात. म्हणजे आरएफए झालं की दुसरा स्टेंट टळला, असं धरून चालू नका.

माणसांवरचे पहिले अहवाल २०११ चे. २०१३ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने पुरावा अपुरा आहे असंच म्हटलं होतं. त्यानंतर बरेच अभ्यास झाले, पण बंद पडलेल्या स्टेंटपुरतं बोलायचं तर निकाल एकसारखे नाहीत. जास्त टिकेल अशी हमी कुणी देत असेल तर मला ते पटणार नाही. धोके : पित्तनलिकेचा संसर्ग, स्वादुपिंडाला सूज, पित्ताशयाला सूज, क्वचित मोठा रक्तस्राव.

गोळी परस्पर बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांशी ईआरसीपीवाल्यांचं बोलणं करून द्या. पेसमेकर असेल तर तोही सांगा.

– सुरंगी

माडाची_सावली :
योजनेचं उत्तर इथे कुणी देऊ नये असं माझं मत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना "ईआरसीपी, स्टेंट आणि आरएफएची नळी" अशी तिन्ही नावं वेगवेगळी घेऊन विचारा. नळी एकदाच वापरायची असते आणि महाग असते, बिल तिथे फुगतं.

कातळवाट :
सुरंगीताई, खूप आभार. मुंबईचं डिस्चार्ज कार्ड सापडलं, स्टेंट अनकव्हर्ड म्हणजे उघड्या जाळीचा आहे असं लिहिलंय, ते कोल्हापूरला व्हॉट्सॲप केलं. ताप अजून नाही. उद्या पहाटे फोंडा घाटाने निघतोय, काकू बरोबर आहे म्हणून काका तयार झाले. गाळाचा प्रश्न पहिला विचारतो.