मदत हवी आहे : मुलगी १८ची झाली, आता पालकत्व घ्यायलाच हवं का?

प्रश्न
भाचीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. सही येते, नोटा ओळखते, पण मुदत ठेव, व्याज कळत नाही. बँक पालकत्व प्रमाणपत्र, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमल्याचा कागद, मागते आहे. पालक नेमला की तिच्या सहीला किंमत उरणार नाही, ही धास्ती वाटते. मदत घेऊन तिनेच निर्णय घ्यावा, हे कागदावर कसं आणायचं?

सुपारीचं_झाड
निदान झालं म्हणून तिचा अधिकार जात नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६चं कलम १३ तिला इतरांइतकाच आर्थिक व्यवहाराचा हक्क देतं. करार कायद्याच्या कलम १२नुसार बघायचं एवढंच, की त्या वेळी तो व्यवहार आणि त्याचा परिणाम तिला समजतो का. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवरून ते ठरत नाही.

आधी तिच्यासोबत बसून यादी करा : पैसे काढणं, ठेव, दवाखाना, मोबाइल, राहायची जागा. प्रत्येकापुढे लिहा, ती एकटी करते की मदतीने, मदत कोणाची आणि कशी. उदाहरणार्थ ठेव : पैसे कधी मिळणार ते कॅलेंडरवर दाखवायचं, दोनच पर्याय द्यायचे, दुसऱ्या दिवशी त्यांचा क्रम उलटून पुन्हा विचारायचं. बरीच मुलं शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात, किंवा विचारणाऱ्याचा चेहरा बघून ‘हो’ म्हणतात. म्हणून ‘समजलं का?’ विचारूच नका. ‘या पैशांचं आता काय होणार?’ हे तिलाच सांगू द्या आणि तिचे शब्द तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवा.

तिसरा_मजला
वरच्या यादीला ठरलेला सरकारी नमुना नाही, त्यामुळे बँक अडू शकते. नकार लेखी मागा, कलम १३चा उल्लेख करून बँकेकडेच तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

त्या नोंदी जपाच. दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम १४चं मर्यादित पालकत्व पुरेशी मदत देऊनही निर्णय जमला नाही तरच मिळतं, तेही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीसाठी आणि तिच्याशी मिळून निर्णय घेण्याच्या अटीवर.

दुसरा मार्ग नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९चा, यात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांनाही पालक नेमता येतो. त्याखाली अर्ज करायचाच झाला तर तो जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. पालक लागतो का आणि कशासाठी, हे समितीने तपासायचं असतं. म्हणून ‘सर्व बाबींसाठी’ असं मोघम लिहू नका, नेमकं काम लिहा. नेमणुकीनंतर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

प्रश्न
मदतनीस म्हणून तिचा भाऊ चालेल? घरात दोघांचा हिस्सा आहे.

सुपारीचं_झाड
रोजच्या बँकेच्या कामाला चालेल, केवळ नात्यामुळे अडचण नाही. पण घराच्या वाटणीत दोघांचे हितसंबंध आपसात भिडतात, तिथे त्याने बाजूला व्हायचं, असं कलम १३च सांगतं. त्या कामापुरतं दुसरं माणूस आताच ठरवा, तेही तिला विचारून. नंतर तिला मदतनीस बदलावासा वाटला तर तो हक्क तिचाच आहे. मदतनीस बदलल्यामुळे त्याआधी झालेले व्यवहार रद्द होत नाहीत.