विषय: ३१ डिसेंबरची बैठक, बीअर आणि सायकली

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, नमस्कार.
३१ तारखेला रात्री टोकियोतल्या निशी-कासाईत आमच्याकडे जमायचं ठरलंय. जेवणाचं मी आणि शेजारच्या वहिनी बघतोय, बीअर-वाइन वर्गणीतून. मोटारी आणू नका, सायकलीवर या, म्हणजे पोलिसांची कटकट नाही.

---

प्रेषक: योकोहामाचे काका

ताई, ते शेवटचं वाक्य आधी काढा.
१ नोव्हेंबर २०२४ पासून जपानात सायकलवाल्यालाही फुंकायला लावतात. श्वासात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं की ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. आणि त्याला पाजणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. सायकलीवर या असं तुम्हीच लेखी कळवलंय, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही!

---

प्रेषक: नुकताच आलेला, कावासाकी

काका, हे बारवाल्यांसाठी असणार ना? २०२४ मध्ये पुण्याच्या पोर्शे प्रकरणात बारच्या लोकांना अटक झाली, पण ती अल्पवयीन मुलांना दारू दिली म्हणून. घरच्या पाहुण्याला ग्लास दिला तर कसला गुन्हा? नाहीतर आपापली बाटली आणूया, प्रश्नच मिटला.

---

प्रेषक: योकोहामाचे काका

नाही रे बाबा. इथल्या वाहतूक कायद्याच्या ६५व्या कलमात शब्दच 'कोणीही' असा आहे. पिऊन चालवण्याची शक्यता असलेल्या माणसाला कोणीही दारू द्यायची नाही आणि प्यायचा आग्रहही करायचा नाही. शिक्षा दारू देण्याबद्दल आहे, नुसत्या आग्रहाबद्दल नाही, पण मनाई दोन्हींना. 'अहो, एवढ्याने काय होतंय, घ्या की' हे आपलं पेटंट वाक्य त्यात बरोबर सापडतं. आपापली बाटली आणलीस आणि त्यातलं शेजारच्याच्या ग्लासात ओतलंस, तर देणारा तू.

हे एवढं कडक का, तर ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओकाला एका पुलावर प्यायलेल्या माणसाने मागून धडक दिली, पुढची गाडी समुद्रात पडली आणि आतली तीन लहान भावंडं गेली. देश हादरला. सप्टेंबर २००७ पासून दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसून येणारा, तिघांनाही स्वतंत्र शिक्षा आली. चालवणारा पूर्ण झिंगलेला निघाला, तर दारू देणाऱ्याला ३ वर्षं किंवा ५ लाख येनपर्यंत. गाडी देणाऱ्याला त्याहून जास्त.

कागदावरचं आहे असं समजू नकोस. २००८ मध्ये सायतामातल्या कुमागायाला अशाच अपघातात एक जोडपं गेलं. पाजणारा हॉटेलवाला दोषी ठरला. त्याच गाडीत चालकाचे दोन सहकारी होते. एक चक्कर मारू का, असं त्याने विचारलं आणि यांनी मान डोलावली, एवढंच. दोघांना प्रत्येकी २ वर्षं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. मला तर पाजण्यापेक्षा ही मान डोलावण्याची भीती वाटते, कारण ते आपण दर पार्टीनंतर करतो: "चल, सोड मला स्टेशनपर्यंत."

मोटारीने येणारच असतील, त्यांच्यातला एकजण 'हँडल कीपर', म्हणजे न पिता बाकीच्यांना घरी सोडणारा, ठरवा. तो फक्त झीरो, म्हणजे बिनअल्कोहोलची, बीअर घेईल. नाहीतर दाइको, म्हणजे गाडी घरी पोचवून देणारी सेवा, बोलवा. दोघे येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची आणतो.

---

प्रेषक: नुकताच आलेला, कावासाकी

आणि सायकल हातात धरून चालत गेलो तर?

---

प्रेषक: योकोहामाचे काका

तर तू पादचारी. खुशाल जा. उतारावर बसायचा मोह आवर.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सुधारित निरोप: चालत किंवा ट्रेनने या. सायकल आणलीत तर ती रात्री आमच्याच इमारतीत राहील, किल्ली दारातच माझ्याकडे द्यायची. झीरो बीअरच्या दोन पेट्या मागवतेय. सोलकढी कोण करतंय? कोकमं आहेत, नारळाचं दूध आणावं लागेल.