शब्दचर्चा: दिवंगत मैत्रिणीबद्दल लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न: जिवलग मैत्रिणीच्या मृत्यूनंतर तिच्याविषयी लिहायचे तर 'श्रद्धांजली' बरोबर की 'आदरांजली'? समवयस्क मैत्रिणीसाठी दोन्ही परके वाटतात. नावाआधी 'कै.' लावावे का? आणि 'ती' लिहावे की 'त्या'?

प्रतिसाद: अंजली म्हणजे ओंजळ, म्हणून ती 'वाहतात' किंवा 'अर्पण करतात'. 'श्रद्धांजली दिली' हे हिंदीचे वळण आहे. श्रद्धा आणि आदर या दोन्ही शब्दांत समोरची व्यक्ती आपल्यापेक्षा मोठी आहे, हे गृहीत असते. गुरू, वडीलधारे, नेते यांना ते शोभतात. मैत्रिणीसाठी 'भावांजली' त्यातल्या त्यात जवळचा, पण तोही छापील वळणाचा. वर तिचे नाव आणि खाली 'आठवणी' एवढे लिहिले तरी काही कमी पडत नाही. 'विनम्र अभिवादन' मात्र नकोच, ते थोर व्यक्तींच्या जयंती-पुण्यतिथीचे शब्द आहेत.

प्रतिसाद: 'कै.' म्हणजे कैलासवासी. स्त्रीसाठी पूर्ण रूप कैलासवासिनी होते, संक्षेप तोच राहतो. कैलास शंकराचा, वैकुंठ विष्णूचा, म्हणजे या शब्दांत श्रद्धा आलीच. बौद्ध कुटुंबांत 'कालकथित' म्हणतात, ख्रिस्ती समाजात 'ख्रिस्तवासी', मुस्लिम व्यक्तीसाठी 'पैगंबरवासी' किंवा 'मरहूम'. तिच्या घरचे जे लिहितात तेच लिहावे. ती धर्म मानत नसेल तर 'स्मृतिशेष' उत्तम. 'दिवंगत'मधल्या 'दिव'चा अर्थ स्वर्ग असला तरी आज तो शब्द सर्वांसाठी चालतो. मराठीत त्याचे 'दिवंगता' करण्याची गरज नाही. यातले जे निवडाल ते मथळ्यात एकदाच. पुढे प्रत्येक वाक्यात 'कै.' आले की लेखाची निविदा होते.

प्रतिसाद: आयुष्यभर जिला 'अगं' म्हटले तिला मृत्यूनंतर 'त्या' करू नये. आदर वाढवायला म्हणून लोक करतात आणि अंतर वाढते. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या परिच्छेदात 'त्या' आणि तिसऱ्यात 'ती'. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पत्रासारखे 'तू' करून लिहिले तरी चालते, पण मग तिच्या घरच्यांना 'हिची आई' नव्हे, 'तुझी आई' म्हणावे लागते. तिथे हमखास घसरायला होते.

खरी अडचण काळाची. 'ती गात होती' यात एकच प्रसंग दिसतो. सवय सांगायची तर रीतिभूतकाळ हवा: 'ती गायची', 'ती गात असे', किंवा जुन्या धाटणीत 'ती गाई'. माझे मत विचाराल तर मैत्रिणीसाठी 'गायची, भांडायची, समजूत काढायची' हेच रूप. बोलण्यातले असल्यामुळे त्यात ती दिसते. 'असे'ने लेख चरित्राकडे झुकतो. मात्र दहा वाक्ये सलग '-यची'वर संपली तर कान किटतो; मध्येच एखादा नेमका प्रसंग साध्या भूतकाळात आणावा: 'त्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती शेजारी बसली.'

प्रतिसाद: मृत्यूच्या क्रियापदांबद्दलही सांगायला हवे. 'निवर्तली', 'देवाज्ञा झाली' ही निधनवार्तेची भाषा. मैत्रीण 'गेली' किंवा 'वारली'. 'गेली'ने घोटाळा होईल असे वाटले तर 'आपल्यातून गेली'. 'दुःखद निधन' यातला 'दुःखद' काढला तरी काही हरवत नाही. 'अल्पशा आजाराने' हे सवयीने लिहू नये; ती दोन वर्षे आजारी असेल तर शुश्रूषा केलेल्यांना ते लागते. 'मृतात्म्यास शांती लाभो' यातही विचार हवा: आत्मा मानणाऱ्यांच्या लेखी तो मरतच नाही. 'तिच्या आत्म्यास' पुरे.

प्रश्न: 'ती आठवते' आणि 'तिची आठवण येते' एकच ना?

प्रतिसाद: नाही. 'मला ती आठवते' म्हणजे तिचे रूप, बोलणे स्मरणात आहे. 'तिची आठवण येते' यात ओढ आहे, ती हवीशी वाटते. 'सय येते' आणखी हळवे, कवितेत शोभणारे. 'उणीव भासते' कामकाजाकडे झुकते. संस्थेच्या ठरावात ठीक. 'कधीही भरून न येणारी पोकळी' इतकी वापरली गेली आहे की ती वाचताना डोळ्यांसमोर कुणीच येत नाही.

प्रश्न: तिच्या जन्मतारखेला काय लिहावे? 'जयंती' फार मोठे वाटते.

प्रतिसाद: 'जन्मदिन'. किंवा सरळ 'आज तिचा वाढदिवस. असती तर पन्नाशीची झाली असती.' मृत्यूच्या तारखेला 'स्मृतिदिन'. 'प्रथम पुण्यस्मरण' वर्ष पूर्ण झाल्यावर येते, त्याआधी नाही.

प्रतिसाद: छापायला देण्याआधी तीन जागा तपासा. 'मैत्रीण' दीर्घ, पण प्रत्यय लागताच 'मैत्रिणीला, मैत्रिणीच्या'. एकटा शब्द 'स्मृती', समासात मात्र १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे 'स्मृतिदिन', 'स्मृतिचिन्ह'. आणि कोनशिलांवर सर्वाधिक चुकणारा 'स्मृतिप्रीत्यर्थ': 'स्मृ'नंतरचा 'ति' ऱ्हस्व, 'प्री' दीर्घ, कारण तो प्रीति अधिक अर्थ आहे. शंका राहिली तर 'स्मरणार्थ' लिहा.