शेजारच्या स्फोटाने भाड्याचे घर तडकले: दुरुस्ती कोणी करायची?

उद्यमनगरकर:

नमस्कार. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगराच्या कडेला एका कौलारू दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही एकोणीस वर्षे भाड्याने राहतो. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतील एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरची टाकी फुटली. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. मात्र आमच्या रस्त्याकडील चारही खिडक्यांच्या काचा आत येऊन पडल्या, बरीच कौले निखळली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तुळईपर्यंत बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली. घर चार वेळा झाडून-पुसून झाले, तरी सासूबाई डाळ पाखडायला बसल्या की सुपात काचेचा एखादा कण चमकतोच.

घरमालक म्हणतात, "ज्याची टाकी फुटली त्याच्याकडून भरून घ्या, माझा काय दोष?" वर्कशॉपवाले म्हणतात, "घर ज्याचे आहे त्याने येऊन बोलावे." गवंड्याने ६४,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. आमचे भाडे महिना ६,५०० रुपये आहे. सुरुवातीला साध्या स्टॅम्पपेपरवर करार केला होता, त्यात दुरुस्तीविषयी एक शब्दही नाही. मृग तोंडावर आला आहे आणि आम्ही ताडपत्रीखाली दिवस काढत आहोत. दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची? ती होईपर्यंत भाडे देणे थांबवले तर चालेल का?

दिवाणी वकील:

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच लोक फसतात. भाडे थांबवू नका. भाडेकरू भाडे देत आहे आणि देण्यास तयार आहे, तोपर्यंत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ चे संरक्षण त्याला मिळते. थकबाकी झाली की दुरुस्तीचा वाद बाजूला पडतो आणि घर खाली करण्याचा दावा उभा राहतो.

आता मुख्य मुद्दा. याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने करारात वेगळे मान्य केलेले नसेल, तर घर राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. नुकसान पावसाने झाले, जुनेपणाने झाले की शेजारच्या स्फोटाने झाले, असा भेद त्या कलमात केलेला नाही. "माझा काय दोष" हे मालकांचे म्हणणे माणूस म्हणून समजण्यासारखे आहे, पण येथे प्रश्न दोषाचा नसून कर्तव्याचा आहे. दोषाचा हिशेब त्यांनी वर्कशॉपवाल्यांशी करावा, त्यासाठी त्यांना नुकसानभरपाईचा स्वतंत्र दावा लावता येतो. आपले कपाट, भांडी, मिक्सर असे जे काही फुटले असेल, त्याची भरपाई मात्र आपण स्वतः वर्कशॉपवाल्यांकडे मागू शकता. त्यामुळे "घर ज्याचे आहे त्याने यावे" हे त्यांचे उत्तर अर्धेच खरे आहे.

मालकांना किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. त्यानंतर वाजवी मुदतीत त्यांनी काम केले नाही, तर आपण दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. येथे एक मर्यादा आहे आणि आपल्या बाबतीत ती जाचक ठरणार आहे: कोणत्याही एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती किंवा वसूल करता येत नाही. आपले वार्षिक भाडे ७८,००० रुपये, म्हणजे वर्षाला फार तर १९,५०० रुपये. ६४,००० रुपये फिटायला चौथे वर्ष उजाडेल. म्हणून पावसापूर्वी गरजेचे तेवढेच, म्हणजे कौले आणि भिंत, आधी करावे असे माझे मत आहे. प्रत्येक पावती जपून ठेवा, कारण भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच कायद्याने खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो.

आपला करार नोंदणीकृत नाही याची भीती बाळगू नका. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

बांधकामवाला:

कायद्याचे वर आले आहे, मी भिंतीबद्दल लिहितो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तुळईपर्यंत गेलेली तिरकी भेग नुसती सिमेंटने बुजवू नका. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजा. तोपर्यंत तुळईखाली भक्कम टेकू द्या आणि त्या भिंतीपाशी कोणी झोपू नये.

महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पाहणी करून घ्या. पोलीस पंचनाम्याची आणि अग्निशमन दल आले असल्यास त्यांच्या अहवालाची प्रत मागा. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे काढून ठेवली नाहीत, तर भेग आधीपासूनच होती असे उद्या समोरून म्हटले जाईल.

राजारामपुरीतील घरमालक:

मी स्वतः घरमालक आहे आणि भाडेकरूच्या बाजूनेच लिहितो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या खाणावळीत सिलिंडर फुटून माझ्या घराची एक बाजू खिळखिळी झाली. तेव्हा मीही तुमच्या मालकांसारखाच अडून बसलो आणि त्यात एक पावसाळा गेला. भेगेतून पाणी मुरून जे काम थोडक्यात झाले असते, ते दुपटीवर गेले.

मालकांना एवढे विचारा की घराचा विमा आहे का. २०२१ पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत स्फोटाने झालेले नुकसान समाविष्ट आहे. मालकांच्या डोक्यावरचे ओझे त्याने हलके होईल, आणि मग ते तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतील.

उद्यमनगरकर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल नोटीस पाठवली, काचेच्या दोन पट्ट्या लावल्या आणि मालकांच्या मुलाला विम्याचे विचारले. तो कागद शोधतो म्हणाला. खालच्या मजल्यावर एक जोडपे अकरा महिन्यांच्या करारावर राहते. त्यांच्याही खिडक्या फुटल्या आहेत. त्यांनीही अशीच नोटीस द्यावी का?

दिवाणी वकील:

त्यांचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा असेल तर ते कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नव्हेत आणि कलम १४ चा आधार त्यांना घेता येणार नाही. दुरुस्तीविषयी करारात जे लिहिले आहे तेच त्यांना लागू होईल. बहुतेक छापील नमुन्यांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे आणि बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे असते. कराराचे ते कलम त्यांनी येथे उतरवून द्यावे, मग पुढचे सांगता येईल.