मदत हवी आहे: फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये दुखण्याआधीची सेवा कशी सुरू करावी?

नमस्कार मंडळी. माझं स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. लोक दुखणं अंगावर काढतात आणि अगदीच असह्य झालं की येतात. जरा बरं वाटलं की व्यायाम बंद. पुन्हा तीच कंबर, तोच गुडघा. म्हणून प्रतिबंधात्मक सेवा सुरू करायचं डोक्यात आहे.

सुरुवात ज्येष्ठांच्या तोल-तपासणीपासून करावी म्हणतो. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. घड्याळ आणि खुर्ची, बाकी काही लागत नाही. त्याला जोडून पायांची ताकद आणि तोल यांचे छोटे गट-वर्ग. (ऑफिसात मान अवघडलेल्यांचं नंतर बघू.)

घोडं अडलंय ते इथे: ज्याला काही दुखतच नाही, तो पैसे मोजून का येईल? आधी उपचार संपलेल्या पेशंटनाच घ्यावं का? फी महिन्याची ठेवावी की सत्राची? आणि तपासणीत कुणाला चक्कर किंवा छातीत दुखणं निघालं, तर डॉक्टरांकडे पाठवण्याची घडी तुम्ही कशी बसवलीत? ज्यांनी असे वर्ग सुरू करून बंद केले, त्यांनी तर जरूर लिहा.