पाणलोट म्हणजे रेघ की पसारा?

रानातल्या एका लहान ओढ्याच्या वर्णनाचं मराठी करतोय. मूळ इंग्रजीत 'वॉटरशेड' हा शब्द दोनदा आलाय. एकदा डोंगरमाथ्यावरच्या सीमेसाठी, तर एकदा ओढ्याला पाणी पुरवणाऱ्या सगळ्या उतारांसाठी. दोन्हीकडे 'पाणलोट' चालेल का?

— नाही चालणार. घोळ मूळ इंग्रजीतच आहे. ब्रिटिश वापरात हा शब्द दोन खोऱ्यांमधल्या रेघेसाठी येतो, अमेरिकेत त्या रेघेच्या आतल्या सगळ्या प्रदेशासाठी. त्यातलं 'शेड' छपराचं नव्हे, 'वेगळं करणे' या जुन्या अर्थाचं. मराठीत ही अडचणच नाही: रेघेला 'जलविभाजक', प्रदेशाला 'पाणलोट क्षेत्र'. 'पाणलोट'मध्ये 'लोटणे' आहे, म्हणजे शब्दातच उतार आला. माथ्यावर पाणी लोटत नाही, तिथे ते दोन बाजूंना फुटतं.

— 'जलविभाजक' बरोबर आहे, पण पाठ्यपुस्तकी. वर्णनात मी 'धार' वापरेन. डोंगराच्या लांबट, अरुंद माथ्याला धारच म्हणतात. पाण्याचीही धारच असते, हा योगायोग मला फार आवडतो. धारेवरून खाली उतरणारा फाटा म्हणजे 'सोंड', आणि दोन सोंडांमधल्या खोलगट जागेत ओहोळ सापडणारच. नकाशावर समोच्च रेषांचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) टोक चढाकडे वळलं की ओहोळ, उताराकडे वळलं की सोंड.

— ओघळ, ओहोळ आणि ओढा यांत फरक काय? कोशात एकमेकांच्या पुढे एकमेकांचेच अर्थ देतात.

— काटेकोर सीमा नाही, पण चढती भाजणी आहे. पावसाचं पाणी वाहून जमिनीवर पडलेली रेघ म्हणजे ओघळ. पाऊस थांबला की कोरडी. ओहोळाला स्वतःचं पात्र असतं, ओढ्याचं पात्र त्याहून मोठं. कोकणात ओहोळाला 'व्हाळ' किंवा 'पऱ्ह्या' म्हणतात. भूगोलात स्ट्राहलरच्या पद्धतीने प्रवाहांना क्रम देतात: ज्याला एकही उपप्रवाह मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा. असे दोन मिळाले की दुसऱ्या क्रमाचा. मात्र दुसऱ्याला पहिला येऊन मिळाला तर क्रम वाढत नाही, दुसराच राहतो. आता कुठल्या क्रमापासून 'ओढा' म्हणायचं, हे कृपया कुणी ठरवायला जाऊ नये.

'झरा' मात्र यात ओढू नका. झरा जमिनीतून फुटतो, ओढा जमिनीवरून वाहतो. रानात पालापाचोळ्यामुळे पावसाचं बरंच पाणी मुरतं आणि मागाहून हळूहळू पाझरतं, म्हणून पाऊस उघडल्यावरही तिथला ओढा वाहत राहतो. त्या पाण्यासाठी 'पाझर' हाच शब्द.

— 'पाणलोट क्षेत्रा'ऐवजी 'लाभक्षेत्र' चालेल का?

— ते धरणाच्या खाली, जिथे पाणी दिलं जातं. पाणलोट वर, जिथून येतं.

— आभार. मग माझं वाक्य असं: 'धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस या ओढ्याला मिळतो, पलीकडचा शेजारच्या खोऱ्यात जातो.'

— 'ओढ्याला मिळतो'ऐवजी 'ओढ्यात उतरतो' करा. मिळतो तो ओहोळ.