मागच्या बाकावरचे

'मागच्या बाकावरची पोरं मुळातच उनाड' असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. कुर्ल्याला आमची शाळा रुळांना लागून होती. लोकल धडधडत गेली की बाई खडू हातात धरून थांबायच्या, तेवढ्यात मागे फुली-गोळा सुरू! बाईंचा आवाज पोचायचाच नाही, पोरं करणार काय? सहामाहीनंतर बाईंनी दर सोमवारी रांगा फिरवल्या, तर माझ्यासकट दोन-तीन 'उनाड' चक्क हात वर करायला लागले.

न्यूयॉर्कच्या एका शाळेत मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी हेच मोजलं होतं (१९७५). रुळांकडच्या वर्गांतली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे. पुढे रुळांखाली रबर आणि वर्गांत आवाज शोषणारं छत बसवलं, तेव्हा दोन्हीकडची मुलं बरोबरीला आली.